खात्री : मनातून दप्तरात गेलेला शब्द

आज आपण एकच शब्द घेऊ, खात्री. जालन्याच्या बाजारात 'खात्रीचं बियाणं' म्हटलं की अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पण मुळात हा शब्द पुराव्याचा नाही, मनाचा आहे.

अरबीत 'खातिर' म्हणजे मनात येणारा विचार, आणि पुढे मनच. फारसीमार्फत तो आपल्याकडे आला. 'तुझ्याखातर' म्हणतो, पाहुण्यांची खातिरदारी करतो, तिथेही तोच. त्याला 'जमा' जोडलं की खातिरजमा, म्हणजे विखुरलेलं मन गोळा झालेलं. हा 'जमा' जमाखर्चातलाच, बरं का! आणि खातरची झाली खातरी, बोलताना खात्री.

मन विखुरायला या मुलखात कारणं भरपूर होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली. १८०३ मध्ये भोकरदनकडे असईला इंग्रज आणि शिंदे-भोसले लढले. फौजा आल्या, दुष्काळ पडला, की रयत गाव सोडून जायची. ती परत यावी म्हणून जुन्या काळी सरकार कौल द्यायचं. पहिली काही वर्षं सारा कमी, मग चढत जाणारा. त्याला इस्तावा म्हणत. रयतेने खातरजमा बाळगून नांदावं, शेत पेरावं, असा या कागदांचा सूर. खातरजमा द्यायची सरकारने, बाळगायची कुणब्याने.

महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी खातरजमा टिकली. का? निश्चय आपला आपण करतो, भरवसा आपण ठेवतो. दुसऱ्याने येऊन आपलं मन स्थिर करायचं, ते काम या शब्दाचं, असं आम्हाला वाटतं.

आज मात्र 'खातरजमा करणे' म्हणजे तपासणे. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे इथली जुनी दप्तरं उर्दूत आणि मोडीत सापडतात. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं उघडली. आता पणजोबांची नोंद आणि वंशावळ घेऊन जायचं अर्जदाराने, खातरजमा करायची कार्यालयाने. आणि मोडी वाचणारा मिळेपर्यंत अर्जदाराचं मन काही जमा होत नाही.