यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर, १९२१ – १० जुलै, १९४४) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील मराठा सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीमधील लढाईत गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा युद्धभूमीवरील शौर्यासाठीचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

प्रारंभिक जीवन

घाडगे यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. पनवेलजवळील पळस्पे फाट्यावरून कोकणात उतरणारा मुंबई–गोवा महामार्ग याच माणगावातून पुढे जातो. सैन्यात दाखल झाल्यावर ते ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. या बटालियनने १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या लढाईत भाग घेतला होता.

पार्श्वभूमी

४ जून, १९४४ रोजी दोस्त सैन्याने रोम घेतल्यानंतर जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. 'गॉथिक लाइन' या तटबंदीची उभारणी पूर्ण व्हावी, यासाठी त्या प्रत्येक टेकडीवर प्रतिकार करीत मागे सरत होत्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० व्या भारतीय डिव्हिजनची आगेकूच चालू होती. घाडगे यांची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल डेनिस रीड यांनी केरेनच्या वेळी याच बटालियनचे नेतृत्व केले होते.

१० जुलै, १९४४ ची लढाई

त्या दिवशी बटालियनच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे हे त्यातील एका रायफल सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगे वगळता सेक्शनमधील सर्व सैनिक ठार अथवा जखमी झाले.

सोबतीला कोणीही उरले नाही, हे ठाऊक असूनही घाडगे यांनी न कचरता मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली. प्रथम हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा सैनिक निकामी केला. त्यानंतर टॉमी गनने आणखी एकास टिपले. मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्याने त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना ठार केले. मोर्चा हाती आला. मात्र दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

सन्मान

व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा लंडन गॅझेटमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. मानपत्रात, आपण एकटेच उरलो आहोत याची पूर्ण जाणीव असताना त्यांनी केलेल्या या चढाईचा विशेष उल्लेख आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन सैनिकांना हा सन्मान मिळाला. दुसरे मानकरी अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल, १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर तो मिळवला. जाधव युद्धानंतर मायदेशी परतले.

स्मृती

घाडगे यांची स्वतंत्र कबर नाही. ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा सैनिकांसाठी उभारलेल्या इटलीतील कसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगाव येथे तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारकाचे अनावरण झाले. सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात, असे त्याचे बोधवाक्य आहे.