माकुलाला खोडवा नसतो

परवा बाजारात माकूल घेत होतो, तर शेजारच्या काकांनी विचारलं, "हे काय हो?" कोल्हापुरात समुद्राचा मासा येतो तो घाट चढून, त्यामुळे प्रश्न साहजिकच! हॉटेलात याला स्क्विड म्हणतात, एवढं सांगून मी सुटलो. पण घरी येऊन वाचायला बसलो, तर या बिनकाट्याच्या प्राण्याचा इतिहास भलताच निघाला.

1970च्या दशकापर्यंत आपल्याकडे जाळ्यात आलेल्या माकुलाला फारशी किंमत नव्हती. मग परदेशातून मागणी आली, गोठवून निर्यात सुरू झाली आणि आमिषाची ही चीज डॉलर मिळवू लागली.

आपल्या किनाऱ्यावरचं माकूल जगतं जेमतेम वर्षभर. मादी समुद्रतळाशी जेलीसारख्या शेंगांमध्ये अंडी चिकटवते आणि त्यानंतर बहुतेकींचा खेळ संपतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, ऊस तुटला तरी खोडवा येतो. माकुलाला खोडवा नाही, दरसाल नवी लागण!

म्हणूनच पाणी बदललं की परिणाम लगेच दिसतो. गरम पाण्यात अंडी लवकर फुटतात, पिल्लं लवकर वयात येतात. मेक्सिकोजवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात 1990च्या दशकात एखाद्या वर्षी लाख टनांवर मोठी माकुलं मिळत. 2009-10 साली एल निनो आला (हो, आपला पाऊस बिघडवणारा तोच). एरवी वर्ष-दीड वर्षाने अंडी घालणारी माकुलं सहा महिन्यांतच, इवलीशी असताना घालू लागली. जात तगली, पण तिथला मासेमारीचा धंदा बसला.

उलट 2016 सालचा एक अभ्यास सांगतो की 1953 ते 2013 या काळात जगभर माकूल, ऑक्टोपस ही मंडळी वाढलीच. म्हणजे आनंदच? जगाची सरासरी वाढली म्हणून मालवणच्या होडीत मासा येत नाही.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. दिव्यांच्या झोतावर मासे ओढण्याला केंद्राने 2017 साली बंदी घातली. चांगलंच आहे. पण बंदीच्या तारखा ठरलेल्या आणि माकुलाचं पंचांग पाण्यावर चालणारं. शिवाय तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना अंड्यांच्या शेंगा कुठून दिसणार?

असो. खोडवा नसलेल्या पिकाचं बियाणं जपावं लागतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. समुद्राला मात्र आपण अजून शेत समजत नाही.