सिमुनुल : चार खांबांची मशीद आणि पंधरा बरंगायांचा कारभार

फिलिपाइन्स म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना ख्रिस्ती देश आठवतो. ते खरेही आहे. देशाचे नावच स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून पडले. मात्र स्पॅनिशांनी १५६५ मध्ये सेबू बेटावर पहिली वसाहत केली, त्याच्या सुमारे १८५ वर्षे आधीच या द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला मशीद उभी राहिली होती, असे तिथली परंपरा सांगते. खुद्द मनिलाही १५७० मध्ये राजा सुलेमान या मुस्लिम शासकाकडे होते. ही मशीद ज्या गावात आहे ते सिमुनुल. आज तावी-तावी प्रांतातली ती एक ग्रामीण म्युनिसिपालिटी आहे. मशिदीविषयी लिहिले जाते, पण गावाच्या कारभाराविषयी फारसे कोणी बोलत नाही. या लेखात दोन्ही एकत्र पाहू.

परंपरेनुसार शेख करीमुल मखदूम १३८० मध्ये इथे आले आणि तुबिग इंदंगान या वस्तीत त्यांनी मशीद बांधली. ‘मखदूम’ म्हणजे ज्याची सेवा केली जाते तो, आदरणीय गुरू. आपल्या कोकणपट्टीला हा शब्द नवा नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) त्याच काळातले. दोन्ही व्यक्ती वेगळ्या, प्रदेश वेगळे, पण अरबस्तानापासून चीनपर्यंतच्या ज्या व्यापारी समुद्रमार्गावर आलिम आणि सूफी प्रवास करत होते, त्याच मार्गावरची ही दोन ठिकाणे.

सुलूच्या वंशावळींना ‘तारसिला’ म्हणतात. हा आपला ‘सिलसिला’च. त्यांत मखदूम यांचे नाव येते, त्यांच्यानंतर सुमात्राच्या मिनांगकाबाऊ भागातून आलेले राजा बागिंडा येतात आणि मग सुलूची सल्तनत स्थापन करणारे शरीफ अबू बक्र येतात. जोलोजवळच्या बुद दातो टेकडीवर हिजरी ७१०, म्हणजे इ.स. १३१० ची एक कबर आहे. म्हणजे मखदूम यांच्या आधीही या भागात मुसलमान पोहोचले होते. धर्म इथे तलवारीने आला नाही आणि एका दिवसात रुजलाही नाही. व्यापारी आले, काहींनी इथेच लग्ने केली, गुरू आले, आणि पुढे सत्ता उभी राहिली.

आजची मशीद नवी, काँक्रीटची आहे. आतमध्ये जुन्या मशिदीचे चार लाकडी खांब जपून ठेवले आहेत. फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा मानले आहे आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. ७ नोव्हेंबर हा दिवस त्या प्रदेशात शेख करीमुल मखदूम यांच्या नावाने पाळला जातो.

आता गावाच्या सत्तेकडे वळू. इथले लोक प्रामुख्याने सामा. त्यांची भाषा सिनामा. समुद्र हेच त्यांचे शेत. सल्तनत जोलोत होती आणि तिथले वर्चस्व तौसुग लोकांचे. दूरच्या बेटांवर सुलतानाच्या वतीने पांगलिमा नावाचे प्रमुख कारभार पाहत. मशिदीत इमाम, खतीब आणि बिलाल असत. बांग देणाऱ्यालाच ‘बिलाल’ म्हणतात, हे वाचून उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला आनंद होतो. रोजचे भांडण, लग्न, वारसा हे सारे गावातच मिटत असे. सुलतान मान्य होता, पण दूर होता.

स्पॅनिशांनी १८७६ मध्ये जोलो घेतले आणि १८७८ मध्ये सुलतानाशी तह केला. १८९८ मध्ये पॅरिसच्या तहाने फिलिपाइन्स अमेरिकेकडे गेला. अमेरिकेने १८९९ मध्ये सुलतानाशी बेट्स करार केला, काही वर्षांतच तो एकतर्फी मोडला आणि १९१५ च्या कार्पेंटर कराराने सुलतानाकडे फक्त धार्मिक प्रमुखपद उरले. याच काळात सिमुनुलच्या शेजारचे सिबुतू बेट पॅरिसच्या तहात आखलेल्या रेषेबाहेर राहून गेल्याचे लक्षात आले. मग १९०० मध्ये दुसरा तह झाला आणि सिबुतू व कागायान दे सुलू ही दोन बेटे एक लाख डॉलरला अमेरिकेने घेतली. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकन काळात ख्रिस्ती गावांना निवडून आलेला प्रमुख मिळाला, तर मोरो मुलखात अनेक ठिकाणी ‘म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट’ आणि वरून नेमलेला प्रमुख. हे लोक अजून स्वतःचा कारभार पाहण्याइतके तयार नाहीत, असा त्यामागचा समज होता. ज्यांच्याकडे शतकानुशतके सुलतान, पांगलिमा आणि काझी होते त्यांच्याविषयी हा समज!

१९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७३ मध्ये सुलू प्रांतातून तावी-तावी वेगळा झाला. १९७४ मध्ये देशातल्या सर्व ‘बॅरिओं’ना ‘बरंगाय’ हे जुने नाव परत मिळाले. बरंगाय म्हणजे मुळात होडी. एका होडीतून आलेले कुटुंब-कबिले मिळून एक वस्ती, ही त्यामागची कल्पना. सिमुनुलमध्ये असे १५ बरंगाय आहेत.

१९९१ चा स्थानिक शासन कायदा हा आजच्या कारभाराचा पाया. आपल्याकडे ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, म्हणजे दोन्ही देशांत हा विचार एकाच सुमारास कायद्यात आला. तिथे म्युनिसिपालिटी म्हणजे शहरच असे नाही. आपली पंचायत समिती आणि नगरपरिषद एकत्र केल्यासारखी ती संस्था आहे. महापौर आणि उपमहापौर थेट जनतेतून निवडले जातात. ‘सांगुनियांग बायान’ म्हणजे नगरसभा. तिच्यात आठ निवडून आलेले सदस्य असतात आणि अध्यक्षस्थानी उपमहापौर असतो. मुदत तीन वर्षांची, आणि सलग तीनपेक्षा जास्त वेळा तेच पद घेता येत नाही. प्रत्येक बरंगायला एक प्रमुख आणि सात सदस्य असतात. शिवाय तरुणांची वेगळी परिषद असते आणि तिचा अध्यक्ष बरंगाय सभेत बसतो. विवाह, तलाक आणि वारसा यांसाठी १९७७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसार शरिया न्यायालयांची व्यवस्था आहे.

कागदावर रचना उत्तम आहे. अडचण पैशाच्या हिशोबात आहे. राष्ट्रीय करांचा ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना मिळतो. त्यातले ३४ टक्के म्युनिसिपालिट्यांना आणि २० टक्के बरंगायांना. म्युनिसिपालिट्यांमध्ये हे पैसे वाटताना ५० टक्के वजन लोकसंख्येला, २५ टक्के जमिनीच्या क्षेत्रफळाला, आणि उरलेले २५ टक्के सर्वांना समान. सिमुनुलसारख्या गावाची जमीन थोडी, समुद्र मोठा. मासेमारी समुद्रात, आणि १९७० च्या दशकापासून या भागात वाढलेली आगर-आगरची, म्हणजे समुद्री शेवाळाची, शेतीही समुद्रात. किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी म्युनिसिपालिटीच्या अखत्यारीत येते. शेजारचे बेट जवळ असेल तर रेषा मध्यावर ओढली जाते. त्या पाण्यावर देखरेख ठेवायची जबाबदारी गावाची, पण निधीच्या सूत्रात पाणी मोजलेच जात नाही. हे सूत्र जमिनीवर राहणाऱ्यांनी जमिनीवर राहणाऱ्यांसाठी बनवले. त्यात कोणाचा द्वेष नाही, पण अन्याय आहे.

तावी-तावी १९९० पासून मुस्लिम मिंदानावच्या स्वायत्त प्रदेशात होता. २०१९ च्या सार्वमतानंतर तो नव्या ‘बंगसामोरो’ प्रदेशात आला. बंगसा हा मलय शब्द संस्कृत ‘वंश’ वरून आलेला, आणि ‘मोरो’ हे स्पॅनिशांनी मुसलमानांना हिणवून दिलेले नाव. तेच नाव त्यांनी अभिमानाने उचलले. सार्वमतात सुलूने नकार दिला होता, पण मते एकत्र मोजली गेल्याने तोही सामील धरला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलूला वगळले. ज्या जोलोच्या सुलतानाला सिमुनुल मानत असे, ते जोलो आज बंगसामोरोच्या बाहेर आहे आणि सिमुनुल आत. बंगसामोरो संसदेची पहिली निवडणूक २०२२ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. प्रदेशाने २०२३ मध्ये स्वतःचा स्थानिक शासन कायदा मात्र केला.

आणखी एक गोष्ट. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या घटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण ती अमलात आणणारा सर्वसाधारण कायदा संसदेने अजून केलेला नाही. तीन मुदती संपल्या की पत्नी, भाऊ किंवा मुलगा उभा करायचा, हा प्रकार देशभर चालतो. मुस्लिम भाग त्याला अपवाद नाही. स्वायत्तता मिळाली आणि ती दोन-चार घरांतच फिरत राहिली, तर कोळ्याच्या आणि शेवाळ पिकवणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले?

वाचकहो, आपल्या समाजाला जुन्या इमारतींचा अभिमान लवकर वाटतो. वाटावाही. चार खांब सहाशे वर्षांची आठवण सांभाळत असतील तर ते जपलेच पाहिजेत. पण मखदूम यांनी फक्त खांब उभे केले नव्हते, लोकांना एकत्र बसायला जागा दिली होती. त्या जागेचा आजचा वारस नमाजाची सफ तर आहेच, पण बरंगायची सभाही आहे, जिथे पिण्याच्या पाण्याचा, शाळेचा आणि धक्क्याचा हिशोब विचारता येतो. सिमुनुलच्या लोकांना प्रदेशाचे नाव बदलून मिळाले, ध्वज मिळाला, मशिदीला राष्ट्रीय मान मिळाला. त्यांचा समुद्र हिशोबात धरला जाईल तेव्हाच तिथले स्वराज्य पूर्ण झाले असे म्हणता येईल. तो हिशोब मनिला किंवा कोटाबातो आपणहून मांडणार नाही. तो १५ बरंगायांच्या लोकांनाच मागावा लागेल.