गोदावरीवरील फसलेला जलमार्ग

नाशिकास रामकुंडाच्या पायऱ्यांवर उभें राहून गोदावरीकडे पाहणाऱ्यास, याच नदीच्या खालच्या भागांतून वऱ्हाडचा कापूस आगबोटींनीं समुद्रापर्यंत नेण्याचा उद्योग एके काळीं मोठ्या हिरीरीनें चालला होता, हें सांगूनही खरें वाटणार नाहीं. आगगाडीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. फसलेल्या जलमार्गाचा सहसा कोणी उकरून काढीत नाहीं. आमचें लक्ष त्याकडे वळलें तें एका अगदीं क्षुल्लक अनुभवामुळें.

विद्यार्थिदशेंत आम्ही इंग्लंडांत असतांना एका स्नेह्याबरोबर तेथील कालव्यांतून दिवसभर प्रवास करण्याचा योग आला. नाव लांबीला पुष्कळ, पण रुंदीला जेमतेम सात फूट. कारण त्या कालव्यावरील लॉकच तेवढे अरुंद. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला हौद. नाव आंत घेऊन मागचा दरवाजा लावावयाचा, झडपा उघडून पाणी भरावयाचें, आणि पाण्याबरोबर नाव वरच्या पातळीस चढली म्हणजे पुढचा दरवाजा उघडावयाचा. आमचा दिवस मात्र यंत्राच्या कुरबुरींतच गेला. सकाळीं पाण्यांत पडलेला एक जुना दोर पंख्यास गुंडाळला आणि एंजिन बंद पडलें. नाव चालविणाऱ्यानें मागचें झांकण काढून थंडगार पाण्यांत खांद्यापर्यंत हात घातला व चाकूनें तो कापून काढला. दुपारीं एंजिनाचा पट्टा तुटला. सायंकाळपर्यंत आम्ही सहा मैलही गेलों नव्हतों. तरी कोणी घाबरलें नाहीं. पाणी स्थिर, कांठावर पायवाट, हांकेच्या अंतरावर गांव. यंत्र बिघडलें होतें. मार्ग शाबूत होता.

असा मार्ग तयार करण्यास इंग्लंडनें मोठे कष्ट घेतले. १७६१ सालीं वर्स्लीच्या खाणींपासून मँचेस्टरपर्यंत कालवा झाला आणि त्या शहरांत कोळसा स्वस्त झाला. पुढें देशभर कालव्यांचें जाळें पसरलें. १८३० नंतर आगगाडीनें त्यांचा व्यापार हळूहळू हिरावून घेतला. तरीही हिंदुस्थानास आगगाडीपेक्षां जलमार्गच अधिक हितकर, असा आग्रह धरणारे गृहस्थ होते सर आर्थर कॉटन. त्यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथें गोदावरीस बंधारा घातला. त्याच्या कालव्यांनीं खालचा प्रदेश सुपीक झाला, आणि त्याच कालव्यांतून नावाही चालूं लागल्या.

या यशानें पुढचा बेत सुचला. समुद्रापासून गोदावरी, सिरोंच्याजवळ तीस मिळणारी प्राणहिता, आणि तेथून वर्धा, असा थेट कापसाच्या मुलुखापर्यंत जलमार्ग करावयाचा. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमारी. तेथें बंधारे घालून, बाजूनें कालवे खणून, लॉकमधून नावा चढवावयाच्या होत्या. काम कॅप्टन हेग यांजकडे होतें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असल्यानें मँचेस्टरच्या गिरण्यांस कापसाची वाण पडली, आणि या योजनेस अधिकच जोर चढला.

परंतु गोदावरी म्हणजे इंग्लंडांतील कालवा नव्हे. पावसाळ्यांत ती आवरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत खडकांमधून जेमतेम वाट काढते. कांठचें अरण्य दाट, वस्ती विरळ. मजूर मिळेनात, मिळाले ते तापानें बेजार झाले. इकडे १८६५ सालीं आगगाडी थळघाट चढली आणि १८६७ सालीं नागपुरास पोंचली. कापसास मुंबईचा रस्ता खुला झाला. लक्षावधि रुपये खर्चून १८७१ सालीं सरकारनें जलमार्गाचें काम सोडून दिलें. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा अजून उभा आहे.

एवढ्यावरून कॉटनसाहेबांस वेडगळ ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. धवळेश्वरमचा बंधारा आणि वरचा जलमार्ग, दोन्हींच्या मुळाशीं त्यांचाच विचार. मग एक तरला व दुसरा बुडाला, तो कां? आमच्या मतें, धवळेश्वरमच्या पाण्याचा पहिला धनी शेतकरी होता, नाव मागाहून आली. वरच्या अंगास मात्र सारा हिशेब दूरच्या गिरण्यांच्या गांठोड्यांचा होता. सिरोंच्याच्या रहिवाशाच्या पदरांत त्यांतून काय पडावयाचें, हा प्रश्न गौणच राहिला. म्हणून गांठोडीं दुसऱ्या वाटेनें जाऊं लागतांच त्या कालव्यास कोणी वाली उरला नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघतात. त्यांतून नाव जात नाहीं, पाणीच जातें. आणि पाळीचें पाणी एक दिवस उशिरां आलें तरी निफाडपासून कोपरगांवापर्यंत गलका होतो. ज्या कालव्यासाठीं कांठचीं माणसें भांडतात, तो सहसा ओस पडत नाहीं.