मुक्या खांबांचा हत्ती

गोव्यातून हुबळीला जाणाऱ्या माणसाला गोकुळ रोड सहसा चुकत नाही. विमानतळ याच रस्त्यावर, बसस्थानक याच रस्त्यावर, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आणि कारखान्यांची वसाहतही इथेच. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून हुबळ्ळी झाले असले तरी आम्हा गोवेकरांच्या तोंडी अजून हुबळीच. रस्त्याला नाव मिळाले ते गोकुळ नावाच्या गावावरून. त्या गावाला आज चारी बाजूंनी शहराने वेढले आहे. नावात लोणी खाणारा बाळकृष्ण, आणि प्रत्यक्षात ट्रक, गॅरेजे आणि चार-चार मजल्यांच्या इमारती!

अशा एखाद्या इमारतीतल्या सदनिकेत बसून आज कुणीही आई मोबाइलवर कृती बघत बाळासाठी क्रोशाचा हत्ती विणू शकते. हत्ती तळहातात मावेल एवढा, आणि त्याच्या पायाशी लाकडाचे गुळगुळीत कडे. बाळाला दात येऊ लागले, हिरड्या शिवशिवू लागल्या, की त्याने ते कडे चावावे, सोंड चोखावी. ही हौस परदेशातून, इंटरनेटवरून आली, असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण जरा मागे जाऊन पाहिले तर त्या हत्तीत नवे किती आणि आपले किती, याचा हिशेब वेगळाच निघतो.

आधी विणकाम पाहू. क्रोशाला एकच सुई लागते, टोकाला आकडी असलेली. आपल्या बायकांनी या परक्या कलेची परिभाषा केव्हाच मराठी करून टाकली आहे. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. यातला मुका खांब हा सर्वांत ठेंगणा टाका. जाळीदार रुमाल विणायचा तर खांब हवेत. प्राण्याचे अंग विणायचे तर मुके खांब हवेत, कारण त्यांची वीण घट्ट बसते आणि आतले भरण बाहेर डोकावत नाही. सुरुवात एका छोट्या वर्तुळात सहा मुक्या खांबांनी होते. दुसऱ्या फेरीत बारा, तिसऱ्या फेरीत अठरा, मग चोवीस. हवा तेवढा घेर झाला की वाढवणे थांबवायचे, काही फेऱ्या सरळ विणायच्या, आणि मग त्याच हिशेबाने टाके कमी करत यायचे. डोके तयार! सगळा खेळ मोजण्याचा आहे. एक टाका चुकला की हत्तीची मान कलते.

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटी आकडी. १८२०च्या दशकात हॉलंडमधल्या 'पेनेलोपे' या मासिकात त्याच्या कृती छापून आल्या. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घरे जगवली. भारतात आंध्रच्या किनाऱ्यावर नरसापूरला स्कॉटिश मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास हे काम बायकांना शिकवले. आमच्या गोव्यात लेसला रेंद म्हणतात, तो पोर्तुगीज 'रेंदा'. बाप्तिस्म्याच्या झग्याला, घरातल्या देव्हाऱ्याच्या कापडाला रेंद लावलेली असे. हिंदू घरांनीही ही कला आपलीशी केली आणि क्रोशाने दाराचे तोरण झाले, तांब्यावरची झाकणी झाली, रेडिओचे पांघरूण झाले. बाळाच्या टोपड्या-मोज्यांना तर तिने कायमचे धरून ठेवले. गुबगुबीत प्राणी विणण्याची पद्धत तेवढी अलीकडची. तिला जपानी लोक 'अमिगुरुमी' म्हणतात आणि २००० नंतरच्या दशकात ती इंटरनेटच्या वाटेने जगभर गेली.

म्हणजे सुई युरोपची आणि पद्धत जपानची. मग आपले काय?

याचे उत्तर हुबळी-धारवाडच्याच कशिद्यात आहे. कसुती! कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत. हाताचे सूत ते कसुती, अशी या शब्दाची फोड सांगतात. इरकल साडीच्या पदरावर आणि काळ्या चंद्रकळेवर कसुती भरत, हे पुष्कळांना माहीत असते. पण बाळाच्या टोपड्यावर आणि कुंचीवरही ती भरत, हे सहसा कुणी सांगत नाही. कुंची हा शब्द मराठी घरात आहे तसा कन्नड घरातही 'कुंचिगे' म्हणून आहे. डोके, कान आणि पाठ एकदम झाकणारे ते वस्त्र. त्याच्यावर हत्ती, मोर, पोपट, नंदी, हरीण असे सगळे गोकुळ उतरायचे. कसुती छापा मारून भरत नाहीत, कापडाचे उभे-आडवे धागे मोजून भरतात. गवंती आणि मुरगी हे तिचे दोन टाके तर असे की काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते आणि मागे गाठ राहत नाही. बाळाच्या कोवळ्या कातडीला गाठ टोचू नये याची सोय त्या टाक्यातच झाली होती.

आपल्याकडचा बाळंतविडा आठवा. दुपटी, झबली, टोपडी, कुंची, लाळेरे. लाळेरे तर दात येण्याच्या दिवसांसाठीच. या वस्तू बाजारातून विकत न आणता आजी, मामी, मावशी, आत्या यांनी हाताने कराव्यात असा रिवाज होता. हत्ती कुंचीवरून उतरून बाळाच्या मुठीत आला, एवढाच काय तो बदल. मोजून टाका घालणारा हात तोच आहे.

सुताचेही तसेच. लोकरीची कुसळे तोंडात जातात, म्हणून चोखायच्या खेळण्याला सुती धागाच बरा. तो गरम पाण्यात धुता येतो. आणि हुबळी हा तर कापसाचा मुलूख. १८४०च्या दशकात कंपनी सरकारने इथे अमेरिकन बियाणे रुजवले आणि 'धारवाड-अमेरिकन' हे नाव कापसाच्या व्यापारात चालू झाले. १८८८ च्या सुमारास मुरगावची रेल्वे सुरू झाली ती देशावरचा माल आमच्या बंदरात उतरवण्यासाठी, आणि त्या मालात कापूस होता. आजही धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात मुळातच तपकिरी रंगाच्या कापसावर काम झालेले आहे. ज्या धाग्याला रंग द्यावाच लागत नाही, त्याचे अस्वल विणले तर बाळाच्या लाळेत रंग उतरण्याची भीतीच नको.

आता दातांकडे वळू. कारण या खेळण्यामागे नुसती हौस नाही, फार जुनी भीती आहे. काश्यपसंहितेत दात उगवण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाने दात येणे हे बाळाच्या सगळ्या रोगांचे कारण सांगितले. ताप, जुलाब, खोकला, ओकारी, सगळे त्याच्या माथी! घराघरांतल्या बायका तेच सांगत आल्या. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, ही समजूतही त्याच भीतीचे पिल्लू. पण हाच वाग्भट पुढे एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. दात येण्याच्या दुखण्यात बाळाला पथ्यापाण्याने फार जखडू नये, दात आले की ही दुखणी आपली आपण शमतात.

युरोपने हे दुसरे वाक्य ऐकले असते तर किती बरे झाले असते! तिकडे डॉक्टर बाळाची हिरडी चाकूने चिरत. १८३९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू 'दात येणे' या कारणाखाली नोंदले गेले. खरी कारणे अर्थातच वेगळी होती, जुलाब, संसरग, उपासमार. पण दोष गेला दातांकडे आणि उपाय म्हणून आल्या पाऱ्याच्या पुड्या. त्या पुड्यांनी मुलांचे हातपाय लाल होऊन सोलत. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या पुड्यांतून पारा काढला आणि तो रोगही ओसरला. दाताने मेले नसते ते औषधाने मेले! आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, अंग किंचित कोमट लागते, पण सणसणून ताप किंवा जुलाब झाले तर दातांवर न ढकलता डॉक्टरांकडे जावे.

मग हिरडीला हवे तरी काय? चावायला काहीतरी. पूर्वी बाळाच्या हाती खारीक द्यायचे. हातातल्या मनगट्या बाळ आपण होऊन चोखायचे. कर्नाटकात वेखंडाचे मणी दोऱ्यात ओवून मनगटाला बांधतात. युरोपात श्रीमंतांच्या मुलांना चांदीत बसवलेले पोवळे मिळे. यातल्या कित्येक गोष्टींत एक धोका लपलेला आहे. दोरा तुटला की मणी घशात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दात येतानाच्या माळा आणि कडी मुलांना घालू नका असा इशारा दिला, तो गळा आवळला जाण्याच्या आणि मणी अडकण्याच्या भीतीनेच.

इथे मला चरक आठवतो. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात त्याने बाळाच्या खेळण्यांचे नियम सांगितले आहेत. खेळणी तऱ्हेतऱ्हेची, आवाज करणारी, देखणी असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, जीव घेणारी नसावीत, भीती दाखवणारी नसावीत. आणि या यादीत एक अट अशी की खेळणे तोंडात शिरणारे नसावे. बाळ वस्तू तोंडात घालणारच, हे त्या वैद्याने जाणले होते. म्हणून त्याने बंधन घातले ते वस्तूवर. आजच्या खेळण्यांच्या मानकांत हीच अट आकड्यांत मांडली आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. खेळण्याचा कोणताही सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला की ते खेळणे लहान बाळासाठी बाद. चरकाची अट आणि ही नळी, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

म्हणून घरी हत्ती विणणाऱ्या आईने-आजीने चरकाला मनात धरून विणावे. डोळ्यांना मणी किंवा बटणे नकोत, काळ्या दोऱ्याने टाके घालून डोळे काढावेत. कान आणि सोंड नुसती टाचू नयेत, चारी बाजूंनी घट्ट शिवावीत आणि मग जोर लावून ओढून पाहावीत. लांब दोरी लावू नये. लाकडाचे कडे रंग-वॉर्निश न लावलेले, कुसळ न निघणारे असावे. आत कापूस कोंबला तर लाळेने भिजून तो गोळा होतो, लवकर वाळत नाही आणि कुबट होतो. म्हणून भरण लवकर वाळणारे घ्यावे, आणि धुतल्यावर हत्ती उन्हात खडखडीत वाळवावा. वीण सैल झाली की खेळणे काढून घ्यावे, बाळाने कितीही आकांत केला तरी. आणि पाळण्यात, झोपेत, ते बाळाजवळ ठेवू नये.

हौस घरापुरती असेल तर गोष्ट इथे संपते. पण शेजारीण म्हणते, मलाही एक करून दे. मग तिची बहीण विचारते, कितीला देशील? तिथून प्रश्न बदलतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. सावंतवाडीच्या चितारांना किंवा कोप्पळजवळच्या किन्हाळच्या चित्रगारांना आपण कारागीर म्हणतो, त्यात काही अडत नाही. पण घरातली कामे आटोपून दुपारी दोन तास क्रोशा घेऊन बसणारी बाई स्वतःला कारागीर म्हणवून घेते का? ती म्हणते, 'छे हो, फावल्या वेळातला उद्योग!'

या फावल्या वेळाने नरसापूरच्या बायकांचे काय केले ते मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे. दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या त्या बायकांना कामगार कुणी म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे विरंगुळा! म्हणून मजुरी नगण्य, आणि व्यापारी गब्बर. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. पण मानांकन मालाला मिळते, हाताला मिळतेच असे नाही. एक हत्ती विणायला दोन-तीन दुपारी सहज जातात. विकत घेणारा मात्र त्याची किंमत शेजारच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या कड्याशी ताडून पाहतो.

कसुती भरलेल्या जुन्या कुंच्या आज संग्रहालयात काचेआड दिसतात. चिठ्ठीवर जागा असते, काळ असतो, टाक्याचे नावही असते. भरणारीचे नाव बहुधा नसते. गोकुळ रोडवरच्या असो की म्हापशातल्या, आज विणल्या जाणाऱ्या हत्तीच्या पोटाशी विणणारीने आपली दोन अक्षरे दोऱ्याने काढून ठेवावीत, एवढेच मला सुचवावेसे वाटते. आणि विकायचा असेल तर नोंदणी करून, दुपारी मोजून, त्यांची किंमत लावून विकावा. बाळाला त्याचे काही नाही. ते अक्षरांसकट चावणारच.