सातपुड्यातली नेमबाजी : तीरकामठ्यापासून बंदुकीपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात नेमबाजीचे पहिले धडे घरातच मिळत आले. इथल्या भिल्लांचा तीरकामठा बांबूचा. दोरीही बहुधा बांबूच्याच चिवट सालीची. पाखरे टिपायला बोथट तीर, मोठ्या शिकारीला लोखंडी पात्याचा. एकलव्याची आठवण जपत अनेक भिल्ल अंगठा न लावता तर्जनी व मधल्या बोटाने तीर सोडतात.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि भिल्लांनी झुंज दिली. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम यांनी खानदेशातील धरणगावला भिल्ल पलटण उभारली. डोंगरातल्या तिरंदाजांच्या हाती सरकारी बंदूक आली. १८५७ च्या उठावात मात्र भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्याबरोबर अनेक भिल्ल इंग्रजांविरुद्ध लढले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. तरीही तीरकामठा भिल्लांची ओळख म्हणून टिकून आहे.