अंतरपाट दूर होतो तो क्षण : लग्नाच्या छायाचित्रांची कुळकथा

१/१२
दापोडीपासून चिंचवडपर्यंत कुठल्याही फोटो स्टुडिओत लग्नाची तारीख सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘ट्रॅडिशनल की कँडिड?’ यावर अनेक घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना सगळे आप्त ओळीत उभे हवे असतात, वधूवरांना नकळत टिपलेले हसू. वाद आवडीनिवडीचा वाटतो. त्याचे मूळ मात्र काच, रसायन आणि उजेड यांच्या इतिहासात आहे.

२/१२
दागेरची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे ही कला इथल्या लोकांच्या हाती फार लवकर आली.

३/१२
ती लग्नमंडपात शिरायला मात्र वेळ लागला. १८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत ते प्रकट करायचे. चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही. मान स्थिर राहावी म्हणून मागे लोखंडी आधार लावीत.

४/१२
या अटीतून सम्राज्ञीही सुटली नाही. २५ जानेवारी १८५८ रोजी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचे लग्न होते. त्या दिवशी आईवडिलांसह वधूचे छायाचित्र घेतले गेले. राणी इतकी अस्वस्थ होती की ती हलली आणि तिची आकृती पुसट उमटली. लेकीची पाठवणी करणाऱ्या आईची घालमेल त्या पुसटपणातच शिल्लक राहिली.

५/१२
जुन्या मराठी जोडफोटोंतला ताठपणा इथून आला. रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, तिपाईवर फुलदाणी. एक बसलेला, एक उभा. दोघांच्या चेहऱ्यावर हसू नाही. तो त्यांचा स्वभाव होता असे समजण्याचे कारण नाही. शालीनतेचे संकेत आणि यंत्राची मर्यादा यांनी मिळून ती मुद्रा घडवली. पुढे यंत्र सुधारले, पण मुद्रा रूढी होऊन बसली.

६/१२
मराठी लग्नाचा प्राण ज्या क्षणात आहे, तोच नेमका हुकत राहिला. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वधूवर एकमेकांकडे पाहतात. सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते. भोवती गर्दी, वर मांडवाची सावली. ओल्या काचेच्या कॅमेऱ्याला हे टिपणे जवळजवळ अशक्य होते.

७/१२
पुढे तयार कोरड्या काचा आल्या. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगीत पेटणारी पूड आली. उजेड मिळाला, पण धुराचे लोट आणि आगीचे भय घेऊन. कापड आणि झावळ्यांच्या मांडवात ती जोखीमच. १९२९-३० च्या सुमारास आलेल्या बंद काचेच्या फ्लॅश दिव्यांनी धूर आणि उघडी ज्वाळा टळली.

८/१२
१९२५ मध्ये लायका हा हाती मावणारा कॅमेरा बाजारात आला. जर्मन छायाचित्रकार एरिक सॉलोमन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रे टिपत. त्यांच्या कामामुळे १९३० च्या सुमारास ‘कँडिड कॅमेरा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आज वधूच्या मेंदीशी जोडला गेलेला शब्द राजकारणाच्या दालनातून आला आहे!

९/१२
तरीही आपल्याकडे अनेक दशके ‘इकडे बघा’चेच राज्य राहिले. कारण पैशाचे. १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन झाली आणि ‘इंदू’ ही देशी फिल्म बाजारात आली, तरी रोलमधली प्रत्येक चौकट मोजूनच वापरावी लागे. म्हणून हार घालताना ‘थांबा’ म्हटले जाई, कधी घातलेला हार पुन्हा घालायला लावला जाई.

१०/१२
डिजिटल कॅमेऱ्याने हा हिशेबच मोडला. एक चौकट वाया गेली तरी खर्च नाही, अंधुक उजेडही पुरतो. अक्षता हवेत असतानाचा क्षण आता सहज सापडतो. मुदपाकखान्यातली काकू, मांडवाआड डोळे पुसणारा बाप, चौकटीबाहेर राहिलेली माणसे आत आली. मंगलविधींपासून विधवांना दूर ठेवणाऱ्या समाजात ‘चौकटीत कोण’ हा प्रश्न कधीच किरकोळ नव्हता.

११/१२
मग जुनी शैली टाकाऊ ठरते का? इतिहासाच्या अभ्यासकाला विचारा. ओळीत बसवलेल्या समूहचित्रातून नाती वाचता येतात : खुर्चीवर कोण, मागे कोण उभे, पुढे जमिनीवर कोणाची मुले. कँडिड चित्र भावना सांगते, नाते सांगत नाही. एकीत कुटुंबाची वंशावळ असते, दुसरीत त्या दिवसाचे वातावरण. दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत.

१२/१२
दोन्हींना एकच धोका आहे, आणि त्याचा दाखला दापोडीतच आहे. इथल्या सरकारी वनस्पतिउद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ‘दापुरी चित्रे’ म्हणून ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. झाडे ओळखता येतात. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदले नाही. लग्नाच्या हजारो डिजिटल फोटोंची गतही हीच होऊ शकते. शैली कोणतीही निवडावी. निदान दहा फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि प्रत्येकाचे नाव लिहावे. पणतवंडांना चेहरे दिसतीलच. ते कोणाचे, हे त्या पेन्सिलीवाचून कळणार नाही.